भिंतीवरचा नारू

आटपाडीच्या अलीकडच्या एका गावात मी शाळेवर रुजू झाले तेव्हा जेमतेम बावीस वर्षांची होते. माहेर सांगलीचं, कृष्णाकाठचं. पाणी म्हटलं की मला नदी, घाट आणि पावसाळ्यात चढत येणारा पूर आठवायचा. या गावात पाणी म्हणजे एक बारव होती. गावाच्या खालच्या अंगाला, दगडी पायऱ्यांची, जुनी आणि खोल विहीर. उन्हाळा लागला की पाणी खाली जायचं आणि बायका घागरी घेऊन पायरी पायरीनं त्याच्या मागं उतरत जायच्या.

माझा नवरा पलटणीत होता. जर्मन-जपानशी चाललेली लढाई संपली होती, पण त्याला अजून घरी सोडलं नव्हतं. नुसती वाट बघत बसण्यापेक्षा मुलं शिकवते, असं सासऱ्यांना सांगून मी नोकरी धरली. शाळा देवळामागच्या धर्मशाळेत भरायची. वरचे वर्ग हेडमास्तरांकडं, खालचे माझ्याकडं. मुलं बहुतेक धनगरांची. पाऊस झाला की मेंढरांबरोबर गावाबाहेर, नाहीतर वर्गात. ती अंगानं काटक आणि डोक्यानं तल्लख होती. मला ती पहिल्याच दिवसापासून आवडली.

उन्हाळ्यात मात्र वर्ग विरळ व्हायचा. हजेरी घेताना एखादं नाव आलं की बाकीची मुलं एका सुरात सांगायची, "नारू झालाय, बाई." सर्दी झाली म्हणावं तसं. पायाला फोड यायचा, आग आग व्हायची, फोड फुटला की आतून दोऱ्यासारखा पांढरा जंत तोंड काढायचा. तो काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा ओढायचा. घाईनं ओढला आणि तुटला की पाय सुजून माणूस महिनाभर अंथरुणाला खिळायचा. ऐन कामाच्या दिवसांत घरातला कर्ता असा पडला तरी कुणाला त्याचं नवल वाटत नसे. नारू देवीच्या कोपानं होतो, शिळं खाल्ल्यानं होतो, उन्हात हिंडल्यानं होतो, असं जो तो आपापल्या परीनं सांगायचा.

पुस्तकात पाण्यावरचा धडा होता. मी तो मन लावून शिकवला. पाणी गाळून प्यावे, उकळून प्यावे. मुलांनी तो घडाघडा पाठ केला. परीक्षेत सगळ्यांनी बिनचूक उत्तरं दिली, मग पाट्या दप्तरात टाकल्या आणि धावत बारवेवर जाऊन सगळी ओंजळीनं पाणी प्यायली. मी दारात उभी राहून ते बघत होते. मला रडू आलं नाही, राग आला. मुलांचा नव्हे, धड्याचा. जे डोळ्यांना दिसत नाही त्याच्यावर त्यांनी विश्वास तरी का ठेवावा?

पुढच्या आठवड्यात आटपाडीच्या बाजाराला गेले तेव्हा सिनेमाची सरकारी गाडी आलेली होती. लढाईच्या काळात हीच गाडी भरतीची चित्रं दाखवत हिंडायची, त्यामुळं लोक तिच्याकडं जरा तिरकेच बघायचे. आता तिच्यात रोगराईची, शेतीची, असली छोटी छोटी चित्रं आली होती. दिवेलागणीला मैदानात पडदा लागला. आधी एक परेडचं चित्र झालं, मग अचानक पडद्यावर एक बारव दिसली. नारूचं चित्र! सात-आठ मिनिटांचंच असेल. पण मैदानात शेंगवाले ओरडत होते, पोरं पडद्याच्या मागं पळून उलटं चित्र बघत होती, आणि भोंग्यातून कुणी पुण्याकडचा माणूस "नागरिकहो" म्हणत भराभर बोलत होता. माझ्या शेजारची बाई म्हणाली, "गाणं कवा लावत्यात?" चित्र आलं तसं गेलं.

मी मात्र जागची उठले नाही. माझ्या धड्यात जे नव्हतं ते सगळं त्या चित्रात होतं. फक्त ते चुकीच्या जागी लावलं होतं. ते माझ्या वर्गात लागायला हवं होतं, मला थांबून बोलता येईल असं.

गाडीवर एकच माणूस होता. ड्रायव्हर तोच आणि ऑपरेटरही तोच. साताऱ्याकडचा, पूर्वी पलटणीत गाडी चालवलेला. तो वायर गुंडाळत होता.

"उद्या विट्याला जाणार ना? वाटेत आमचं गाव लागतं," मी म्हणाले. "शाळेत ते नारूचं चित्र दाखवा."

"रातीला तिथं मुक्कामाची ऑर्डर न्हाई, बाई."

"रात्री नको. सकाळी, शाळेच्या वेळेत."

तो हसला. "उन्हात सिनेमा दिसतोय व्हय? पडदा पांढराफेक दिसल नुसता."

"अंधार मी करते. तुम्ही मशीन आणा."

त्यानं माझ्याकडं नीट बघितलं. "तासभर थांबीन," तो म्हणाला. "पण अंधार न्हाई झाला तर तसाच पुढं जाईन, सांगून ठिवतो."

हेडमास्तर म्हणाले, "वरून परवानगी घ्यायला हवी." मी म्हणाले, "परवानगी येईपर्यंत गाडी साताऱ्याला पोचेल." त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली आणि म्हणाले, "बरं, मी त्या तासाला वरच्या वर्गाला घेऊन माळावर जातो. मला काही ठाऊक नाही." तेवढं मला पुरेसं होतं.

अंधाराची मला काळजी नव्हती. धनगरवाड्यात घरोघरी घोंगडी होती, काळी, जाड, पाऊस न झिरपणारी. मी पहाटेच फिरले आणि मागून आणली. बायकांना गंमत वाटली. "बाई, एवढ्या उकाड्यात घोंगडी?" एका घरात मात्र म्हातारे बाबा आडवे आले. माझ्या वर्गातल्या तिसरीतल्या एका मुलीचे ते आजोबा. गाव त्यांना आबा म्हणायचं. त्यांचा शब्द गावात कुणी मोडत नसे, आणि त्याला कारण होतं. रोज सकाळी ते स्वतः बारवेत उतरून गुडघाभर पाण्यात उभे राहायचे आणि म्हाताऱ्या-कोताऱ्या, गरोदर बायका, लहान पोरी, यांच्या घागरी भरून वर द्यायचे. शेवटच्या निसरड्या पायऱ्या कुणाला उतराव्या लागू नयेत म्हणून. कित्येक वर्षं त्यांचा हा नेम होता.

"पोरांस्नी कोंबड्यागत डांबणार व्हय?" त्यांनी विचारलं.

"तासभरच, आबा. चित्र दाखवायचंय."

"दावा, दावा," म्हणत त्यांनी खांद्यावरचं घोंगडं मला दिलं. त्यांच्या डाव्या पायाला तेव्हा चिंधी बांधलेली होती.

आधी मी एक काम केलं होतं. बारवेतून एक घागर पाणी आणून ठेवलं होतं आणि हेडमास्तरांचं भिंग मागून घेतलं होतं. मुलांना ओसरीवर बसवलं, काचेच्या पेल्यात पाणी घेतलं आणि पेला उन्हाकडं धरला. पाण्यात बारीक पांढरे ठिपके उड्या मारत होते.

"काय आहे?"

"धूळ हाय, बाई."

"धूळ उड्या मारते?"

मग भिंगाखाली एकेकानं बघितलं. एक पोरगा म्हणाला, "आगा बाबौ, पिसू हाय ही! मेंढराच्या अंगावरच्यागत." मला नाव शोधावं लागलं नाही. त्या दिवसापासून आमच्या वर्गात तिचं नाव पाण्यातली पिसू असंच पडलं.

तोवर गाडी आली. खिडक्यांना, दाराला घोंगडी लावली, फटीत गोणपाटं कोंबली. आत लोकरीचा वास, घाम आणि काळोख. बाहेर गाडीचं इंजिन धडधडू लागलं. चुना दिलेल्या भिंतीवर उजेडाचा चौकोन पडला आणि मुलांनी एकदम श्वास ओढला.

पहिल्यांदा मी चित्र नुसतं चालू दिलं. कोण काय बोललं ते कुणालाच कळलं नाही, सगळी ओरडतच होती. दुसऱ्या वेळी मी ऑपरेटरला म्हणाले, "आवाज बंद करा."

"आवाजातच तर समदी माहिती हाय."

"माहिती मुलं सांगतील."

त्यानं खांदे उडवले आणि भोंगा बंद केला. आता फक्त मशीनची खरखर. मी छडी घेऊन भिंतीशी उभी राहिले आणि विचारत गेले. हा माणूस कुठं चाललाय? "बारवंवर." पायाला काय? "नारू." काय करतोय? "पाय पान्यात घालतोय." का? "आग व्हती म्हून." मग पाण्यात काय सुटलं बघा. पायाच्या फोडातून दुधासारखा एक ढग पाण्यात पसरला आणि त्यात बारीक अळ्या वळवळू लागल्या. मग ती पिसू आली, भिंतीएवढी, आणि तिनं अळी गिळली. पेल्यातले ठिपके मुलांनी आत्ताच बघितले होते, त्यामुळं ही एवढी मोठी कशी, असं कुणीही विचारलं नाही. "आपलीच पिसू!" म्हणून सगळी ओरडली. मग एक बाई घागर भरते, तिचा मुलगा पाणी पितो. मग झाडाची पानं गळतात, नवी पालवी येते, पुन्हा ऊन तापतं. आणि त्या मुलाच्या पायाला फोड येतो.

मला त्या चित्राची खरी ताकद तेव्हा कळली. पाणी प्यायल्यापासून नारू निघेपर्यंत वर्ष जातं. गेल्या वर्षीचं पाणी आणि यंदाचा फोड यांचा सांधा कुणाला कसा लागावा? त्या चित्रानं अख्खं वर्ष एका बाजूला सारलं होतं आणि दोन्ही गोष्टी एकमेकींशेजारी आणून ठेवल्या होत्या.

तिसऱ्यांदा चित्र लागलं तेव्हा वर्ग शांत होता. पाय पाण्यात बुडाला आणि तो पांढरा ढग सुटला, तशी आबांची नात उभी राहिली. तिची सावली भिंतीवर पडली.

"बाई," ती म्हणाली, "आमचा आज्जा रोज उतरतोय."

मशीन चालतच होतं. तिनं पुढं विचारलं, "आमच्या आज्जाच्या पायातनं बी हे सुटतंय व्हय?"

मी तिच्याजवळ गेले आणि म्हणाले, "हो. पण त्यांना ते माहीत नाही. आता तुला माहीत आहे."

दुसऱ्या दिवशी शाळा भरायच्या आधीच आबा दारात उभे होते. घोंगडं न्यायला आले असतील असं मला वाटलं. त्यांचा चेहरा बघितला आणि कळलं.

"बाई, माज्या पायानं गाव नासलं म्हंता तुमी?"

नातीनं घरी सगळं सांगितलं होतं. सकाळी ते बारवेकडं निघाले तर तिनं त्यांच्या धोतराचा सोगा धरून ठेवला होता. सोडायलाच तयार नव्हती.

"मी काही म्हणत नाही, आबा," मी म्हणाले. "पुढच्या बाजाराला गाडी याच वाटेनं परत जाणार आहे, शाळेशी पुन्हा थांबवीन असा शब्द ऑपरेटरनं दिलाय. तुम्ही स्वतः येऊन बघा. बघून झाल्यावर मला जे बोलायचं ते बोला. मी ऐकून घेईन."

"आन् न्हाई पटलं तर?"

"तर मी पुन्हा कधी असलं चित्र शाळेत लावणार नाही."

हे मी बोलून गेले, पण मला भीती वाटली नाही. वर्ग बघितला होता मी. जे त्या मुलांना दिसलं ते आबांनाही दिसणारच, हे मला पक्कं ठाऊक होतं. आबा तसेच माघारी वळले. मधल्या दिवसांत गावात कुजबुज झाली. म्हाताऱ्याला पोरीबाळींत खाली बघायला लावलं, असं कुणी म्हणालं. पाण्यावर बोट ठेवणारी ही सांगलीची कोण, असंही कुणी म्हणालं. आबा मात्र त्या दिवसांत बारवेत उतरले नाहीत. पटलं म्हणून नव्हे. निकाल लागेपर्यंत उतरायचं नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. माणूस असा सरळ होता.

ऑपरेटर शब्दाला जागला. परतीच्या वाटेवर त्यानं गाडी सरळ शाळेशीच आणून उभी केली. "तुमच्या त्या बिनआवाजाच्या शोसाठी आलोय," म्हणाला. या वेळी घोंगडी लोकांनी आपणहून आणली. आबा आत आले, मुलांच्या रांगेत जमिनीवर बसले, बरोबर दोन-तीन म्हातारेही आले. बायका दाराशी.

मी छडी नातीच्या हातात दिली. "तू सांग."

ती भिंतीशी उभी राहिली आणि तिनं ते अख्खं चित्र आपल्या बोलीत सांगितलं. "ह्यो बगा, ह्याचा पाय लय जळतोय. गार पान्यात घातला की बरं वाटतंय. पर नारूला बी त्येच पायजे. पानी लागलं की त्यो पिलं सोडतोय." माझ्या पुस्तकातल्या धड्यापेक्षा ते कितीतरी सोपं होतं. आबांनी एकदाही मान हलवली नाही.

चित्र संपलं. ते म्हणाले, "परत लाव."

ऑपरेटरनं रीळ गुंडाळलं आणि परत लावलं. या वेळी आबा पुढं सरकून भिंतीच्या अगदी जवळ बसले. पाय पाण्यात गेला, ढग सुटला. त्यांनी हात पुढं करून त्या उजेडाला बोट लावलं.

घोंगडी काढली तेव्हा ते डोळे मिचकावत उन्हात आले आणि ओट्यावर बसले. चिंधी बांधलेला पाय त्यांनी पुढं घेतला. मग म्हणाले, "माजा बाप बी असाच पाय बुडवायचा. म्हनायचा, पान्यात माया हाय." आणि माझ्याकडं न बघता, "मला वाटलं, मी लोकांची सेवा करतोय."

"सेवाच केलीत, आबा," मी म्हणाले. "ती आता वरून करा."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मला वाटतं, ते नेमकं हेच शोधत होते. बारवेच्या एका अंगाला, जिथं पूर्वी मोट चालायची, तिथं दोन दगडी खांब उभे होते. त्याच आठवड्यात आबांनी सुताराकडून त्यांवर लाकडी रहाट बसवून घेतला. दोर त्यांच्या घरच्या घायपाताचा. खाली पायऱ्यांशी बाभळीची काटेरी फांदी आडवी टाकली, आणि स्वतः वर रहाटापाशी घोंगडं अंथरून बसले. घागर वरूनच भरायची, पायरी कुणी उतरायची नाही. एखादा गडी तोऱ्यात उतरायला निघाला की आबांचा आवाज यायचा, "काय रं गड्या, पाय दाव तुजा आदी."

घागरीच्या तोंडावर बांधायचं कापड मुलांनी आणलं. प्रत्येक पोरानं आपल्या आईकडून जुन्या लुगड्याचा घट्ट विणीचा तुकडा आणला, वर्गात आम्ही तो दुपदरी करून पाणी गाळलं आणि गाळलेलं पाणी पुन्हा पेल्यातून उन्हाकडं धरलं. पिसू नव्हती. कापड उलटं करून थोड्या पाण्यात झटकलं तर तिथं ती उड्या मारत होती. हा प्रयोग मुलांनी मग घरोघरी करून दाखवला, आणि तो बघायला कुठल्या मशीनची गरज नव्हती.

पुढचा उन्हाळा लागला आणि नारू पुन्हा निघू लागले.

ते होणारच होतं. आधी प्यालेलं पाणी अंगात होतंच. पण गावात लगेच बोलणं सुरू झालं. "वरीस झालं गाळून प्यायला, आन् बघा! बाईचं चित्र खोटं." पाराशी एक जण हे मोठ्यानं बोलला तेव्हा मी रस्त्यानं चालले होते. मी काही बोलायच्या आत माझ्या वर्गातला एक पोरगा, मेंढरं हाकता हाकता, ओरडून म्हणाला, "आवं तात्या, ह्यो गेल्या सालच्या पान्यातला हाय! चित्रात पानं गळत्यात न्हवं का, ती इसरला व्हय?"

मी तशीच पुढं चालत गेले. माझी मान त्या दिवशी जरा ताठ होती हे खरं. एका मुलाला एक वर्ष थांबायची समज आली होती, आणि ती मी पाठ करून घेतलेली नव्हती.

त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात, हजेरी घेताना, वर्ग भरलेला होता. एकच पोर नव्हतं, आणि ते मामाच्या गावी गेलं होतं. आबांचा पाय बरा झाला होता, टाचेवर फक्त एक पांढरा वण राहिला होता. तोवर माझा नवराही पलटणीतून सुटून आला होता आणि इस्लामपूरकडं तुला शाळा मिळेल का बघू म्हणत होता. मी त्याला सांगितलं, अजून एक वर्ष.

ऑपरेटर अधूनमधून येतच होता. आता तो गाडी थांबवली की आधी विचारायचा, "आवाज बंद ना, बाई?" त्यानं बी कसं रुजतं त्याचं चित्र आणलं, देवीच्या लशीचं आणलं. मुलं आधी खरी वस्तू मागायची, मगच खिडक्यांना घोंगडी लावू द्यायची.

असंच एकदा चित्र संपवून आम्ही घोंगडी झटकत होतो. आबा रहाट सोडून काठी टेकत आले आणि गाडीशी उभे राहिले. आत डोकावून सगळ्या रिळांच्या डब्यांकडं त्यांनी बघून घेतलं.

"मेंढरांचं काय हाय का रं तुज्याकडं?" त्यांनी ऑपरेटरला विचारलं. "खुरकुताचं, खुरं नासत्यात त्येचं? यंदा कळपात लय पसरलाय. पायातनंच पसरतोय ह्यो बी, मी बगितलंय. पर कसा, त्ये दावाया पायजे."

"तसलं न्हाई, आबा," ऑपरेटर म्हणाला.

"मग वर सांग त्यास्नी, काढा म्हनावं." आणि ते माझ्याकडं वळले. "तवर बाई, त्ये मास्तरांचं भिंग जरा द्या. पोरांस्नी घिऊन वाड्यावर जातो."

मी भिंग दिलं. आबा पुढं, नात त्यांच्या शेजारी आणि अख्खा वर्ग मागं, अशी ती सगळी धुळीच्या वाटेनं मेंढवाड्याकडं निघाली. शाळा सुटायला अजून वेळ होता. मी दाराला कडी लावली आणि त्यांच्या मागं गेले.